बंबाचं काय करायचं

निनादने मोरीबाहेर उभा केलाय नवा बंब,
स्टीलचा, पोटाखाली एवढासा पंखा असलेला,
आणि शेजारी पंचवीस किलोची गोण.
गोणीत भुशाच्या गोळ्या,
सगळ्या एका मापाच्या, करंगळीच्या पेराएवढ्या,
हेडमास्तर येऊन गेल्यासारख्या मुकाट.

एक उचलून नाकाशी धरली.
वास नाही. म्हणजे आहे,
पण सगळ्यांचा मिळून एक.

एकतीस वर्षं मी दारूखान्याजवळच्या वखारीत लाकूड मोजलं.
खिमजीशेठ मला डोळे मिटायला लावून
हातात फळी द्यायचे, आणि मी सांगायचो :
शिसव. हा ऐन. हा किंजळ,
वरवर वाळलाय शेठ, आत अजून पाणी आहे.
हिला काय विचारू?
हिच्यात उसाचं चिपाड, शेंगांची टरफलं,
कुणाच्या तरी पलंगाचा भुसा,
आणि हिचं तिलाच ठाऊक नाही
आपण कोण कोण होतो.

आमचा तांब्याचा बंब काहीही खातो.
करवंट्या, आंब्याच्या पेट्या,
सुताराच्या ढलप्या, मोडलेल्या जहाजांची दारं.
एका दाराच्या आतल्या बाजूला
पेन्सिलीच्या रेघा होत्या, पाच-पाचाचे जुडगे,
कुणी तरी घरी जायचे दिवस मोजलेले.
ते दार मी जाळलं नाही.
दोन महिने.
मग जाळलं.
पाणी छान तापलं.

त्या दाराला रंग होता. धूर पिवळा निघाला,
भिंतीवरून सरळ फिलोमिनाबाईंच्या दोरीवर गेला.
त्यांच्या एल्विनचं वाफ घ्यायचं यंत्र
सकाळी साडेसहाला सुरू होतं, आमच्या बंबाबरोबरच,
घर्रर्र, भिंतीपलीकडे.
बाई कधी भांडल्या नाहीत.
कपडे गच्चीवर नेऊन वाळत घालायला लागल्या, एवढंच.
तीन जिने.

गीझर म्हणाल, तर या घरातल्या वायरी
माझ्याहून वयस्कर आहेत.
पंखा तेवढा ओढतील, म्हणाला निनाद.
आणि वीज गेली तर?
"तर बाबा, एक दिवस गार पाण्यानं."
तुझ्या आईचे गुडघे तुला माहीत नाहीत.
गोणीला पैसे पडतात. ढलप्या फुकट.
पण कोयता उचलला की माझा खांदा
जानेवारीत वेगळंच बोलतो, हेही खरं.

इंदुमती भाजी निवडत होती.
म्हणाली, "वाकायचं तुम्हाला, फुंकायचं तुम्हाला.
मला पाणी हवंय.
फक्त राख कुठून आणू ते सांगा,
एवढ्याशा राखेत कढईसुद्धा निघणार नाही."

आज पहाटे पेटवला.
ज्योत सरळ, भांग पाडल्यासारखी.
सारायचं काही नाही, फुंकायचं नाही,
डोळ्यांत पाणी नाही.
तरी मी पाटावर बसून राहिलो,
बिनकामाच्या हातांनी,
अठरा मिनिटं.

एक गोळी मोरीच्या ओल्यात पडली होती.
फुगली, विरघळली, पुन्हा भुसा झाली.
चिमटीत धरून डोळे मिटले.
साग, शेठ.
थोडासा.
पैज नाही लावणार.

तेवढ्यात फिलोमिनाबाई बादली घेऊन बाहेर आल्या.
आमच्या धुराड्याकडे पाहिलं.
हवा हुंगली, माझ्याकडे पाहिलं,
आणि खालच्या जुन्या दोरीवर
उशीचा एक अभ्रा टाकला.
एकच.
बाकीची बादली घेऊन जिना चढल्या.

भंगारवाला तांब्याचा भाव सांगून गेलाय.
जिन्याखाली ढलप्यांची एक मोळी आहे,
अस्सल सागाची, कोरडी खटखटीत.
उद्या ये म्हटलं त्याला.
परवाही तेच म्हटलं होतं.