ओरलीची खुर्ची

फूटपाथवर ओरली फाँटेनोचं घर मांडलं होतं :
इस्त्रीचं टेबल, दोन पातेली, अभ्रे नसलेल्या उशा,
आणि पुठ्ठ्यावर तिच्या तिरक्या अक्षरात
'न्या. मोडकं काही नाही.'

सव्वीस वर्षं राहिली त्या पिवळ्या इमारतीत.
आता स्टॉकटनला, भाचीकडे.
भाडं किती वाढवलं, मी विचारलं नाही.
ओकलंडमध्ये ते विचारत नाहीत,
दवाखान्याच्या बाकावर
शेजारच्याला आजार विचारू नये, तसं.

मी खुर्ची घेतली.
गाडी नाही माझ्याकडे. लागतही नाही.
बेकरी दोनशे पावलांवर, वाचनालय तिच्या पुढे,
कपडे धुवायचं दुकान खालीच,
आणि मेरिट तळं खिडकीतून,
मान तिरकी केली तर, बोटभर.
त्या बोटभर पाण्याचे
महिन्याला दीडशे डॉलर जास्त पडतात.
मालक क्वोक खोली दाखवताना
आधी ती खिडकी उघडतो,
नळ नंतर.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात,
माझं डोक्यावर :
चार पाय आभाळाकडे करून
मी निघाले तळ्याला वळसा घालून.

पहिल्यांदा टेकले खांबांच्या मांडवापाशी.
रविवार होता, ढोलांचा दिवस.
कोंगावाला युसेबियो म्हणाला,
'जरा देतेस का? पाठ गेली.'
दिली. तो बसला,
पण वाजवायला कोंगा घेतलाच नाही,
खुर्चीच्या दांड्यावरच बोटं नाचवली त्याने,
आणि एक म्हातारी, हातात कोथिंबिरीची जुडी,
तेवढ्यावर नाचून गेली.

पुढे स्केटवरची दोन पोरं.
'विकायची आहे?'
नाही.
'चोरलीस?'
नाही रे.
'मग?'
त्या 'मग'चं उत्तर मला आलं नाही.
ती वाट बघून निघून गेली.

कालव्याच्या तोंडाशी मी बराच वेळ बसले.
सगळे तळं म्हणतात, पण ते तळं नाहीच,
उपसागराचा आत आलेला हात आहे.
पाणी दिवसातून दोनदा जातं,
दोनदा येतं,
डिपॉझिट नाही, करार नाही,
मागे शेवाळाची रेघ तेवढी ठेवून.
ओहोटीला वास येतो. पहिल्या महिन्यात
मी खिडक्या लावून घ्यायचे.
आता दोन दिवस नाही आला
तर कुणी गावाला गेल्यासारखं वाटतं.

झाडात रातबगळे बसले होते,
मानेत मान घालून, भाडेकरूंच्या सभेला आल्यासारखे.
डाउनटाउनमधली त्यांची झाडं तोडली म्हणे,
म्हणून ते इकडे आले.
खाली उभ्या गाड्यांवर
रोज सकाळी ते आपली पांढरी पावती फाडतात.

दिवे लागले. तळ्याभोवती सगळीकडे,
एकाचं पाण्यातलं टोक दुसऱ्याला लागलेलं.
हे मात्र फुकट आहे,
क्वोकला अजून सुचलेलं नाही.

लिफ्ट बंद. तिसरा मजला.
जिन्यात त्सिगेच्या कॉफीचा धूर,
ती दाणे भाजत होती दार उघडं टाकून.
खुर्चीकडे बघून तिने पळी खाली ठेवली.
'ओरलीची ना?'
हो.
'माझ्या थोरलीला तिने याच खुर्चीवर
दाढ पडेपर्यंत गप्पांत गुंतवलं होतं.'
मग पुन्हा दाणे हलवू लागली,
जरा जास्तच जोरात.

दाराखालून पाकीट आत आलं होतं.
क्वोकचं. एक तारखेपासून, वगैरे.
आकडा वाचला. पुन्हा वाचला.

खुर्ची खिडकीपाशी ठेवली तर डुगडुगते.
ओरली खोटं बोलली नव्हती,
खुर्ची धड आहे.
जमीनच माझी तळ्याकडे उतरती.

पत्राच्या चार घड्या घातल्या,
पायाखाली सरकवल्या.
बसले.
आता डुगडुगत नाही.
मान तिरकी केली.
ओहोटी होती.
खिडकी उघडीच ठेवली.