आयत्या वेळचा विषय

मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम केलं.
सूचक ग्वेन्डा टिमन्स. अनुमोदक कुणीतरी,
नाव विचारायचं राहिलं, माझंच घातलं.
मी चिटणीस. तीन वर्षांपूर्वी निवडीच्या वेळी
मला खोकला आला,
अध्यक्षांना वाटलं हात वर केला.

नेब्रास्काच्या सपाट मातीवर एकशे बारा घरं,
तीन नमुन्यांतून निवडलेली.
गणपूर्तीला अठ्ठावीस हवेत.
लुथरन चर्चच्या तळघरात सतरा जण,
बाकीची मुखत्यारपत्रं, त्यातलं एक
मार्चमध्ये वारलेल्या माणसाचं. बाजूला काढलं.
सत्तावीस.
मग उशिरा आला नवाफ खुदेदा,
दाराशी बूट पुसत राहिला.
अठ्ठावीस.

तळ्याचा पंप: पुढे ढकलला.
राखीव निधी: ग्वेन्डा त्याबद्दल असं बोलते
जणू तो तिच्या उशाखाली आहे आणि टोचतोय.
लॉट सत्तेचाळीस: गवत नऊ इंच.

नियम सहाचा. नियम डेल्मर व्होसेकचा,
चौदा वर्षं अध्यक्ष, त्याआधी शाळेत सुतारकाम शिकवायचा;
दर शनिवारी लाकडी फूटपट्टी घेऊन
लोकांच्या हिरवळीवर गुडघे टेकणारा.
लॉट सत्तेचाळीसही डेल्मरचाच.
जूनमध्ये बावीस दिवस तो इस्पितळात होता.
गवताला कुणी कळवलं नाही.

नोटीस मी पाठवली. खाली सही अध्यक्षांची,
शिक्का माझ्या खणात असतो.
प्रिय घरमालक, आपल्या निदर्शनास आणून देण्यात येते की.
ग्वेन्डा म्हणाली, जाऊ दे गं.
मी म्हटलं, मेमध्ये नवाफला जाऊ दिलं होतं?
पुढच्या अंगणात टोमॅटोची चार रोपं, पंचाहत्तर डॉलर.
त्याने रोपं बादल्यांत हलवली, बादल्या मागे नेल्या,
पैसे सुटे मोजून दिले
आणि पावती मागितली.

डेल्मरने हातोडी टेबलावर ठेवली,
खुर्ची ग्वेन्डाला दिली,
आणि घडीच्या खुर्चीत जाऊन बसला, सभासदांत,
नवाफच्या बरोबर पुढे.
अपिलाला तीन मिनिटं. तेही कलम त्याचंच,
मिसेस ऑल्टहाउस कुत्र्यांवर चाळीस मिनिटं बोलल्या
त्या रात्री सुचलेलं.
वेळ मी लावते: अंडी उकडायचं घड्याळ, कोंबडीच्या आकाराचं.

तो पंपाबद्दल बोलला. तळ्यातल्या गाळाबद्दल.
गवताचं नावही नाही.
मग म्हणाला, तिथल्या खिडकीतून
फक्त गाड्या लावायची जागा दिसायची,
आणि मला वाटायला लागलं, इतकी वर्षं मी

कोंबडी वाजली.

तो थांबला. थांबणारच.
माझं बोट घड्याळावरच होतं,
मागे फिरवलं असतं तर कुणी हरकत घेतली नसती.
नाही फिरवलं.

मागून नवाफ उठला.
मेमध्ये मी बोललोच नव्हतो, म्हणाला.
माझी तीन मिनिटं शिल्लक असतील, ती यांना द्या.

नियमावली चाळली. मत दुसऱ्याला देता येतं,
घर देता येतं, थकबाकीसुद्धा घराबरोबर जाते.
मिनिटांबद्दल अक्षर नाही.
ग्वेन्डाने मत घेतलं. हात वर झाले.
मी मोजले नाहीत, खोकलेही नाही.

डेल्मर उभा राहिला.
कोंबडी टिकटिकत होती, तळघराचा फ्रीज घुमत होता,
आणि वाक्याचं उरलेलं टोक काही त्याला सापडेना.
तिन्ही मिनिटं तो तसाच उभा,
आम्ही सगळे त्याच्याकडे न बघता बसलेलो.
शेवटी म्हणाला, दंड किती झाला?
चेक लिहिला. पावती मागितली.

अपील फेटाळलं, असं लिहिलं.
सभासद बोलले, असंही लिहिलं.

आयत्या वेळचे विषय: न वापरलेली मिनिटं
दुसऱ्या सभासदास देता यावीत, असा नियम व्हावा.
सूचक डेल्मर व्होसेक.
अनुमोदक—
या वेळी नाव विचारलं. स्पेलिंगही.
त्याने एकेक अक्षर सावकाश सांगितलं,
आणि मी लिहीपर्यंत थांबला.