सहाव्या तासाला

अंबडच्या वसाहतीत रात्रपाळी म्हणजे
मळीचा जळका-गोड वास, कपड्यांत मुरलेला.
बसमध्ये शेजारची बाई विचारते,
"गुऱ्हाळ आहे का तुमचं?"
मी म्हणते, हो, साधारण तसंच.

पन्नास हजार लिटरची टाकी.
आतले दिसत नाहीत,
तापमानाचा आकडा त्यांच्या वतीनं बोलतो.
काचेवर थेंब पसरून पाहावं तर
जोडीजोडीनं, कोपरात वाकलेले,
कुणी पाटीवर एकच अक्षर गिरवत बसलंय
आणि पुढचं त्याला येत नाही.

ग्लुटामेट ते स्वतःसाठी करतात.
लागेल तेवढंच, वर कण नाही.
पडद्याआड ठेवतात,
पुरेसं साठलं की हात थांबवतात.
काटकसरीचा संसार,
उंबऱ्याबाहेर थेंब यायचा नाही.

बायोटिनची उपासमार केली
तर पडदा विरळ विणला जातो,
हे पुस्तकातलं.
आमची मळी निफाडकडची,
तिच्यात बायोटिन रग्गड.
पोट भरलेलं, पडदा घट्ट,
कुणाचं काही देणं लागत नाहीत.

म्हणून सहाव्या तासाला पेनिसिलिन.
मरणार नाहीत एवढंच.
खैरनार काका सत्तावीस वर्षं तेच सोडत आलेत.
"लवकर दिलंस तर वाढच खुंटते,
उशीर केलास तर त्यांचं मन बनलेलं असतं."
मग स्टुलावर बसायचं. थर्मासमधला चहा.
पेशी लांबतात, फुगतात, वाढायचं विसरतात,
आणि कधीतरी अमोनियाची झडप
आपली आपण उघडू लागते.
टक.
टक, टक.
सामू घसरतोय. म्हणजे आम्ल बाहेर येतंय.

काका वहीत वेळ टाकतात, पुढे लिहितात
"गळती सुरू".
सत्तावीस वर्षांच्या वह्यांत हेच दोन शब्द.
"भिंतीला भोक पडलं की माल आपला."

त्या रात्री केतकी भांडगे म्हणाली,
येवल्याची, नवीन लागलेली, घरी पैठणीचे माग,
"काका, ते भोक नाही. दार आहे.
आधीपासूनच असतं, मिटलेलं.
पडद्यावर ताण आला की उघडतं.
नसतं उघडलं तर पेशीच फुटेल."
आणि बोटांनी हवेत ताणा ताणून दाखवला,
तिचे वडील दाखवत असतील तसा.

काकांनी चष्मा काढला.
काचेवरची वाफ पुसली, पुन्हा पुसली.
"दार होतं म्हणतेस."
"हो."
"आणि आम्ही आपले भोक भोक करत बसलो."

टक, टक.
फेस वर आला, मी तेल सोडलं, फेस बसला.
तीन वाजून गेले होते.
फर्मेंटरकडे पाहतच ते म्हणाले,
"देवळाली कॅम्पात माझी मुलगी असते.
अर्ध्या तासावर.
अकरा वर्षं झाली."
कशाला अकरा, ते नाही सांगितलं.
केतकीनं तोंड उघडलं, मी तिचा हात दाबला.

वहीत त्यांनी लिहिलं नेहमीचंच, "गळती सुरू".
ड का लिहितील, सवयीचा हात.
उजाडताना मात्र गेटवरच्या वॉचमनला विचारत होते
कॅम्पाची पहिली बस किती वाजता.

बॅच छत्तिसाव्या तासाला उतरवली.
उतारा बेताचा. साहेब थोडे चिडले,
मळीला दोष देऊन मोकळे झाले.

पुढच्या पाळीला काकांनी
स्टीलचा डबा टेबलावर ठेवला. चिवडा.
बाजारातला नव्हता,
झाकणाला घट्ट बसायला कापडाची चिंधी लावलेली.
आम्ही विचारलं नाही.
मीठ जरा जास्त होतं.
केतकीनं आणि मी मिळून सगळा संपवला,
तळाशी राहिलेले शेंगदाणे
काकांनी एकेक करून खाल्ले.