शेवटचा खो

घड्याळ थांबलं ते बंदरावर नाही.
अनॅपोलिसच्या अलीकडे, एका पेट्रोल पंपापाशी,
संध्याकाळी आठ बेचाळीसला,
पिवळं जाकीट घातलेल्या म्हाताऱ्याने
वहीत आकडा लिहिला आणि म्हणाला, झालं.
इथून पुढे चौघं मिळून सावकाश जा.
पुढचं सगळं फोटोसाठी.

हेरंब एक पाय टेकून उभा.
मागे वळून बघतोय, पुढे बघतोय.
त्याला कळेना, आता खो कुणाला द्यायचा.

सात दिवस एवढंच तर चाललं होतं.
मागून येणारं चाक
थांबलेल्या चाकाला भिडलं
की ओरडायचं, खो!
नियमावलीत दुसरा शब्द होता.
पण आम्ही साताऱ्याचे,
उकिडवं बसून पाठीवर थाप पडायची
वाट बघत वाढलेले.
कोलोरॅडोच्या घाटात, अकरा हजार फुटांवर,
तन्वीरचा जबडा थंडीने उघडेना,
त्याने नुसती घंटी वाजवली.
तोही खो धरला.

मी भूगोल शिकवायचे.
गाडीत पुढच्या सीटवर, मांडीवर रस्त्याची वही,
कपाळावर बॅटरी,
वळण आलं की वॉकीटॉकीत सांगायचं:
डावीकडे. मग सहा मैल सरळ. रेल्वे फाटक आहे, जपून.
एकतीस वर्षं फळ्यावर प्रेअरी काढली,
गव्हाचे कोठार, पुस्तकात दीड ओळ.
ती दीड ओळ ओलांडायला एकोणीस तास लागले,
वारा सगळा समोरून.
उल्हास त्या वाऱ्याला नाव घेऊन शिव्या देत होता.
कुणाचं नाव, मी विचारलं नाही.
साहेबाचं असावं.

राजगिऱ्याचे लाडू मिझुरीत संपले.
ओहायोत शलाका पडली,
कोपराला पाच टाके.
आणि त्याच रात्री हेरंब चार मिनिटं उशिरा उठला.
फक्त चार.
पण ती चार मिनिटं तिने टाक्यांसकट ओढली,
पावसात, चढावर,
आणि पुढे दोन दिवस
त्याच्याशी खो सोडून एक शब्द बोलली नाही.

आता पंपावर तिने केळं सोललं,
मधोमध मोडलं,
अर्धं त्याच्यापुढे धरलं.
त्याने घेतलं.
दोघंही केळ्याकडेच बघत होती.

मग बंदर.
लोक आइस्क्रीम खात होते,
टाळ्या वाजवायच्या म्हणून कोन डाव्या हातात घेत होते.
एका पोरीने विचारलं, तुम्ही कुठून आलात?
उल्हासने मावळतीकडे बोट दाखवलं.
तिला वाटलं, त्या पार्किंगमधून.
तन्वीर म्हणाला, समुद्र! आला समुद्र!
समुद्र नव्हे, ही खाडी, मी म्हणाले.
कुणी ऐकलं नाही.
पदकं छातीवर आली, फोटो झाले,
सायकली गाडीवर चढल्या,
आणि आठवड्यात पहिल्यांदा
एकही चाक फिरत नव्हतं.

हॉटेलात गादी होती, उशी होती,
झोप कुठे राहिली होती देव जाणे.
डोळे मिटले की पांढरी रेघ,
रेघ संपली की पुन्हा रेघ.
तीन वीसला मी दार उघडलं.

कॉरिडॉरमध्ये शलाका.
डोक्यावर हेल्मेट, पायात मोजे, बूट हातात,
बर्फाच्या मशीनशेजारी भिंतीला टेकून.
डोळे उघडे, पण ती तिथे नव्हती.
हेरंब अजून आला नाही, बाई, ती म्हणाली.
दिवा दिसतोय का मागे?

सांगता आलं असतं, संपलं गं सगळं.
जीभ वळली नाही.
गळ्यात वॉकीटॉकी नव्हता,
तरी हात आपोआप तिथे गेला.
म्हटलं, उजवीकडे वळ.
मग सरळ.
दोनशे चौदा नंबर, दार लोटलेलंय.

तिने मान हलवली,
सात दिवस हलवायची तशीच.
किती मैल, बाई?

अकरा पावलं, मी म्हणाले.
उतार आहे.