ण बाणाचा

आगोंदला पोचले तेव्हा प्रवासाला आठवा महिना लागला होता.
सॅकची एक चेन तवांगला गेली,
चपलेचा अंगठा रामेश्वरात,
आणि उत्साह कुठे गेला ते नेमकं सांगता येत नाही,
बहुतेक कटिहारच्या वेटिंग रूममध्ये,
जिथे एका बाईनं मला विचारलं होतं,
घरात कोण आजारी आहे?

पिएदादच्या मागच्या खोलीत कॅलेंडर गेल्या वर्षीचं.
बदलू का म्हटलं, तर म्हणाली, चित्र बरें आसा.
सकाळी पोदेराचा भोंगा. दोन पोई.
मग चहा,
मग चहानंतरचं ते नुसतं बसणं.

वहीत पहिल्या महिन्यात किलोमीटर आहेत, बसचे नंबर,
कुणाला किती दिले, पैसा न् पैसा.
आता गुरुवारच्या पानावर: मोडसो तळून. झोप.
शुक्रवारी: कालच्यासारखंच.
शनिवार नाही.
माझ्या खुर्चीच्या सावलीत एक पिवळा कुत्रा झोपतो,
सावली सरकली की डोळे न उघडता सरकतो,
तो पायरीला टेकला की मला कळतं, जेवायची वेळ झाली.

दुलबा पागीनं होडी माडाखाली ओंडक्यांवर चढवलेली,
बुडाला फायबरचं नवं ठिगळ.
खांद्यावरून वाकून त्यानं माझं वहीतलं अक्षर पाहिलं,
काही न लाजता.
बाय, नांव बरयशी?
आंगवण. म्हणजे नवस.
कसला, ते मी विचारलं नाही.
त्यानंही विचारलं नव्हतं, आठ महिने कसले.

सांगलीच्या विमा कचेरीत बावीस वर्षं
मी मेलेल्यांची नावं रजिस्टरात उतरवली,
दिवसाला तीस, मार्चअखेरीला साठ,
खाडाखोड न करता.
आणि इथे चार अक्षरं.
पहिल्या दिवशी आं. अनुस्वार ओघळला.
दुलबा म्हणाला, असूं दी, मासळीला कुठे वाचता येतं.
दुसऱ्या दिवशी ग.
तिसऱ्या दिवशी पिएदादच्या भावानं हुराक आणली,
चौथ्या दिवशी तिसऱ्या दिवसाचं डोकं.
मग व, जरा तिरका.
ण राहिला.
फाल्यां, दुलबा म्हणाला,
आणि माझ्याच तोंडून निघालं, फाल्यां.

शाळेत ण आला की बाईंचा आवाज एक पायरी खाली यायचा.
कमळाला क, गवताला ग,
ण मात्र बाणाचा,
दुसऱ्याच्या शब्दात मागच्या बाकावर बसलेला.
त्याच्यापासून काहीच सुरू होत नाही.
तरी काढून बघा त्याला
निघण्यातून, पोचण्यातून,
कुणाला तरी पत्ता विचारण्यातून,
घरी जाण्यातून.
काय उरतं? जा. नि. पो.
लहान मुलांना हाका मारल्यासारखं काहीतरी.

रविवारचं तिकीट आहे, मडगाव ते मिरज, दुपारची गाडी.
किल्ली शेजारच्या कुमुदिनीताईंकडे.
त्यांचा निरोप आला होता: मोरीतला नळ गळतोय,
खाली बादली ठेवली आहे, रोज मी झाडांना घालते,
तुम्ही सावकाश या.
मी तो निरोप दोनदा वाचला.
सावकाश या असं मला याआधी कुणी लिहिलं नव्हतं.

रविवारी उजाडताना माडाखाली होडी नव्हती.
रात्री बांगड्यांचा थवा लागल्याची बातमी आली असणार,
दुलबा अक्षरासाठी थांबला नाही.
ओंडके विखुरलेले, वाळूत पाण्यापर्यंत एक रुंद चर,
आणि डब्यातल्या निळ्या रंगावर साय धरलेली.
कुठेतरी आत, दिसेनाशी, आंगव.
तेवढ्यावरच तरंगत असणार.

मी काडीनं साय बाजूला केली.
खाली रंग ओला होता.
ब्रश रॉकेलमध्ये बुडवून ठेवला, वाळू नये म्हणून,
आणि पायरीवर येऊन बसले.
आतून पिएदादनं विचारलं, दनपारां जेवतली?
हो म्हणाले.
मग आठवलं, दुपारी काय आहे ते.