लेम्नोसवरचं सोंग

फेब्रुवारीत बोट चार-चार दिवस येत नाही.
मिरिनाच्या धक्क्यावर दोरखंड नुसते कण्हत राहतात,
आणि पोलिक्सेनीच्या कॅफेत, मागच्या खोलीत,
रॉकेलच्या शेगडीभोवती
आम्ही पाच जण दर गुरुवारी देव होतो.

नियम तिनेच लिहिलेत, उधारीच्या वहीत शेवटच्या पानापासून उलटे:
देव मेलेला नाही, माणसाच्या पोटी आलाय.
त्याला काही आठवत नाही.
भाडं भरायचं, दाढ दुखली तर रांगेत बसायचं.
जुन्यातलं एकच काही जवळ ठेवता येईल,
आणि ते काय, हे कुणाला सांगायचं नाही.

चिठ्ठ्या तिच्या नवऱ्याच्या टोपीत.
झ्यूस निघाला थ्रासोसला: वीज कंपनीतला कारकून,
स्वतःचंच बिल थकलेलं.
सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही.

मला निघाला हर्मीस.
क्षणभर कुणी कप उचलला नाही.
हर्मीस, ज्याच्या घोट्यांना पंख.
आणि मी आर्गिरिस, ज्याच्या डाव्या पायावर
बोटीच्या उतरणीवरून साखरेचा ट्रक मागे आला होता.
'दुसरी काढ,' देस्पिना म्हणाली.
म्हटलं, राहू दे. निघाली ती निघाली.

हेफेस्टस गेला स्ट्राटोसकडे. शाळेत कवायत शिकवतो तो,
किल्ल्याच्या पायऱ्या दोन-दोन घेत चढतो.
खूश झाला. याच बेटावर पडला होता ना तो लोहार देव,
आभाळातून भिरकावलेला,
सबंध दिवस पडत पडत दिवेलागणीला टेकलेला?
स्ट्राटोस उठला आणि लंगडू लागला,
दारापर्यंत उजव्या पायाने, येताना डाव्या.

सगळे हसले. मीही.
मग म्हणालो, अरे, लंगडणं पायात नसतं.
ते आधी डोळ्यांत येतं.
खोलीत शिरल्या शिरल्या तू खुर्ची हेरतोस.
जिना दिसला की कठडा कुठल्या बाजूला ते बघतोस.
पलीकडच्या खोलीत फोन वाजतो,
तो किती वेळ वाजेल याचा अंदाज घेतोस
आणि बहुतेक वेळा उठत नाहीस.
पाय सगळ्यात शेवटी. तो नुसता हुकूम पाळतो.

स्ट्राटोस पुन्हा चालून आला.
या वेळी कुणी हसलं नाही.

माझा हर्मीस अथेन्समध्ये स्कूटरवरून पार्सलं वाटतो.
त्या रात्री पोलिक्सेनीने त्याच्यापुढे एक पार्सल ठेवलं.
आत काय?
'लोकरीचे मोजे.'
पत्ता?
'पत्ता नाही. नाव आहे.'
नाव तिने घेतलं नाही. टोपी टेबलावरच होती.
तीन वर्षांपूर्वी तो समुद्रापलीकडच्या इस्पितळात होता,
आणि बोट, फेब्रुवारी असल्यामुळे, आली नव्हती.

मी फासे टाकले. एक आणि एक.
याहून वाईट दान पडत नाही.
शेगडी फुरफुरली. थ्रासोसने नाक शिंकरलं.
पोचवलं, मी म्हटलं.
'आर्गिरिस, एक-एक पडलेत.'
पोचवलं. पायऱ्या खूप होत्या, पण खाली उतरायच्या होत्या.
दार त्यानेच उघडलं. सहीही घेतली.

ती वहीत बघत राहिली.
मग पेन्सिलीने काहीतरी लिहिलं, बराच वेळ,
आणि म्हणाली, कॉफी कुणाला हवी, शेगडी विझवतेय मी.

बाहेर वारा इतका की बोलायची सोय नाही.
स्ट्राटोस माझ्या बाजूने चालत होता, अजून लंगडत,
आता एकाच पायाने.
खेळ संपला, मी ओरडून सांगितलं.
हो, तो म्हणाला,
आणि तसाच आला, माझ्या चालीने,
धक्क्यापर्यंत. तिथे त्याची मोटरसायकल होती.