लाकूड फुगलंय

अत्तार म्हणाला, आधी उदबत्ती लावा.
मी म्हटलं, देव आतल्या खोलीत आहेत.
तो हसला. देवासाठी नाही हो काकू,
वाऱ्यासाठी.

मग एकेका खिडकीशी ती धरून
चौकटीवरून फिरवत गेला, सावकाश,
डॉक्टर पाठीवर नळी फिरवतात तशी.
धूर सरळ असला की पुढे.
वाकला की खडूची फुली.

हॉलमध्ये चार फुल्या. निजायच्या खोलीत सात.
काचांभोवतीची लांबी सुकून तिचे टवके पडलेले,
तेवढ्या जागेतून अख्खा पौड रोड आत यायचा,
रात्री अडीचचा डंपर,
पहाटे टेकडीपलीकडची पाषाणची थंडी,
आणि मी दोन शाली घेऊन पेपरात वाचायची
शिवाजीनगरचं किमान तापमान,
आमच्याच पलंगाशी बसून मोजल्यासारखं.

दुहेरी काचेचं कोटेशन त्याने आधीच दिलं होतं.
ते घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवलंय.
पेन्शनमध्ये बसते फोमची पट्टी,
रबराचं बीडिंग, नवी लांबी,
सिलिकॉनच्या दोन नळ्या.
एवढ्यानं निम्मं भागतं, अत्तार म्हणाला,
उरलेलं जाड पडद्यानं.

स्वयंपाकघरात मात्र
धूर असा आडवा बाहेर पळाला
की त्याला वाट पाठ असावी.

ही खिडकी तुम्ही कधी पुरती लागू दिली नाहीत.
लाकूड फुगलंय, म्हणायचात.
पावसाळ्यात म्हणायचात, ठीक.
पण डिसेंबरात?
पोळ्या करताना गॅस फडफडायचा,
मी पदर गुंडाळून बडबडत राहायची,
आणि तुम्ही, उद्या रंधा आणतो म्हणत
बावीस वर्षं उद्यावर ढकललीत.

अत्तारने बिजागरीच्या बाजूला पटाशी घातली
आणि पाचर बाहेर काढली.
लाकडाची नव्हे.
चार घड्यांचं सिगरेटचं पाकीट,
त्यावर दुसरं, त्यावर तिसरं,
दाबून दाबून पुठ्ठ्याची वीट झालेली.
छापलेलं साल अजून वाचता येत होतं.
माझ्या डोक्यावर हात ठेवून
सोडली म्हणालात, त्याच्या पुढचं.

रात्री पाणी प्यायला उठायचात.
केवढं पाणी.

टाकून देऊ का, काकू?
तो जमिनीकडे बघत होता.
थांब, म्हटलं.

पट्टी बसली. लांबी बसली. खिडकी
कुरकुरत का होईना, पूर्ण लागली.
अत्तारने पुन्हा उदबत्ती धरली.
धूर जागच्या जागी उभा राहिला,
कुठे जाऊ, असं विचारत,
मग हळूहळू घरभर झाला.

जाताना अत्तार म्हणाला,
गॅस चालू असेल तेव्हा
ही मात्र थोडी उघडी ठेवत जा.
बघते, म्हटलं.

ती वीट मी
जेवणाच्या टेबलाच्या हलत्या पायाखाली सरकवली.
बरोबर बसली.